कडाक्याच्या थंडीने अ‍ॅशची कीड संपते का?

2019च्या जानेवारीत ध्रुवीय भोवऱ्यामुळे, म्हणजे ध्रुवाकडची अतिथंड हवा दक्षिणेकडे सरकल्याने, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिसचे तापमान उणे 33 अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. असा हिवाळा आला की अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात एक दावा हमखास फिरू लागतो: एमराल्ड अ‍ॅश बोरर ही परकी कीड (एक हिरवा भुंगेरा, ज्याच्या अळ्या अ‍ॅश वृक्षाला सालीखालून पोखरतात) इथल्या थंडीत टिकणारी नाही, तिच्या बहुतेक अळ्या गोठून मेल्या आहेत, त्यामुळे अ‍ॅशच्या झाडांवर औषधाचा खर्च करण्याचे आता कारण उरलेले नाही. अंगणात अ‍ॅश असलेली मराठी कुटुंबेही त्या भागात आहेत. या दाव्यावर विसंबून चांगली झाडे हातची जाऊ नयेत, म्हणून त्याची तपासणी करणे मला आवश्यक वाटते.

ही कीड थंडीला अनोळखी आहे, हे म्हणणे मुळातच चूक आहे. तिचे मूळ स्थान ईशान्य चीन, कोरिया आणि रशियाचा अतिपूर्व भाग हे आहे, आणि तिथले हिवाळे अत्यंत कडक असतात. अमेरिकेत ती 2002मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात सापडली, तर 2017मध्ये कॅनडातल्या विनिपेगसारख्या अतिथंड शहरातही आढळली. हिवाळ्यापूर्वी पूर्ण वाढलेली अळी सालीत किंवा सालीलगतच्या लाकडात छोटी पोकळी करून त्यात दुमडून बसते आणि शरीरात ग्लिसरॉल साठवते, ज्यामुळे तिच्यातील द्रव शून्याच्या बऱ्याच खालीही गोठत नाही.

अळ्या मरतात हे मात्र खरे आहे. मिनेसोटातील अभ्यासातून पुढे आलेल्या अंदाजानुसार उणे 23 अंशांच्या आसपास सुमारे एक तृतीयांश, उणे 29ला जवळपास 80 टक्के आणि उणे 34ला 98 टक्के अळ्या मरतात. दाव्यातले ‘बहुतेक अळ्या मेल्या’ हे विधान बहुधा इथूनच उचलले जाते. पण हे तापमान अळीला प्रत्यक्ष जाणवणारे असावे लागते, आणि सालीआड ते हवेपेक्षा काही अंशांनी जास्त असू शकते. बुंध्याचा बर्फाखाली दडलेला भाग तर आणखी सुरक्षित असतो. शिवाय थंडी किती पडली याइतकेच ती केव्हा पडली हेही महत्त्वाचे असते, कारण मध्येच आलेल्या उबदार दिवसांनी अळीची सहनशक्ती घटते आणि त्यानंतरची लाट अधिक घातक ठरू शकते.

आता 100पैकी 90 अळ्या मेल्या असे धरू. उरलेल्या 10पैकी 5 माद्या निघाल्या आणि प्रत्येकीने 50 अंडी घातली, तर 250 अंडी झाली. त्यांतून निघालेल्या बऱ्याच अळ्या सुतार पक्ष्यांनी टिपल्या, तरी कीड पुन्हा वाढायला पुरेशा उरतात. मिनेसोटात 2019नंतरही ती नवनव्या काउंटींमध्ये (जिल्ह्यांमध्ये) सापडत राहिली, ती याचमुळे.

थंडीचा लगाम अधिक स्पष्ट दिसतो तो हेमलॉक या सूचिपर्णी वृक्षावरच्या वूली अडेल्जिड या मूळच्या जपानी, रस शोषणाऱ्या किडीच्या बाबतीत. ती हिवाळ्यात फांद्यांवर उघड्यावरच रस शोषत असते आणि 2014च्या थंडीत ईशान्य अमेरिकेत अनेक ठिकाणी ती मोठ्या प्रमाणावर मेली. तरीही ती पुन्हा सावरू शकते, कारण तिथे तिला प्रजननासाठी नराची गरज लागत नाही, वर्षात दोन पिढ्या होतात आणि उत्तरेकडची कीड दक्षिणेकडच्या किडीपेक्षा अधिक काटक झालेली आहे.

राहिला औषधाचा प्रश्न. ज्या अ‍ॅशचा माथा अजून भरगच्च आहे, त्याच्या बुंध्यात इंजेक्शनने दिलेले औषध चांगले काम करते; निम्म्याहून अधिक पालवी गेल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून कडक हिवाळ्याने किडीचा जोर ओसरला असेल, तर निरोगी झाडांवर उपचार सुरू करण्याची ती उत्तम वेळ असते. सालीखाली जिवंत अळ्या असलेले सरपण गाडीत घालून दुसरीकडे नेले, तर कीड स्वतःच्या पंखांनी गाठणार नाही इतके अंतर एका दिवसात पार करते, त्यामुळे ते जिथे तोडले तिथेच जाळावे.