काका, भोकं गाडीला नव्हे, पट्टीला पाडायची होती

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा एकदा नीट वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काका पुण्यात असतात, मुलगा इथे सिडनीत शिकतो. गेल्या महिन्यात मुलाला मोटरसायकलचा लाल पी, म्हणजे शिकाऊ परवान्यानंतरचा तात्पुरता परवाना, मिळाला. पी प्लेट, म्हणजे गाडीच्या मागे लावायची 'पी' अक्षराची पाटी, घट्ट कशी बसवायची हा माझा लेख वाचून त्याने कोऱ्या गाडीच्या मागच्या मडगार्डला ड्रिलने दोन भोकं पाडली. काका लिहितात: "एका अक्षरासाठी नव्या गाडीची चाळण केली. आम्ही स्कूटरवर लाल चिकटपट्टीचा एल काढून परवाना घेतला, कुणाचं काही बिघडलं नाही. दोन झिप टाय मारले असते तरी भागलं असतं. आणि पी बघून मागचे मुद्दाम अंगावर येतात असं पोरगं सांगतं. मग ती पाटी एवढी ठळक लावायचा हट्ट कशाला?"

आधी माझी चूक. लेखात मी लिहिलं होतं, "मागे दोन भोकं पाडून बोल्टने कसून घ्या." माझ्या डोळ्यापुढे होती नंबर प्लेटच्या मागे बसवायची ॲल्युमिनियमची पट्टी. पण ज्याने ती पट्टी कधी पाहिलेलीच नाही त्याने "मागे" म्हणजे गाडीच्या मागे असंच समजायचं. फोटोही मी पूर्ण झालेल्या कामाचा टाकला होता, पट्टी त्यात दिसतच नव्हती. त्यामुळे मुलाचं काही चुकलं नाही, वाक्य माझं चुकलं. मनापासून माफी मागते. रात्रीच ते वाक्य बदललं आणि सुट्या पट्टीचा फोटो वर घातला. गाडीच्या कुठल्याही भागाला भोक पाडायची गरज नाही. नंबर प्लेटला तर नाहीच नाही.

पण झिप टाय (ओढून आवळायची नायलॉनची बारीक पट्टी) आणि चिकटपट्टीबद्दल मला तुमचं पटत नाही. तुम्ही वडील म्हणून लिहिलंय, तेव्हा मीही आडपडदा न ठेवता लिहिते.

आपल्याकडे एल किती दिवस लावावा लागतो? शिकाऊ परवाना मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते, आणि पास झालं की एल उतरतो. त्या एलचंही माप ठरलेलं आहे, बरं का. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पाटी किमान १८ सेंटिमीटर चौकोनी आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, पांढऱ्यावर लाल, असं लिहिलेलं आहे. पण ती पाटी महिना-दोन महिने तगली की झालं, म्हणून चिकटपट्टीवर भागतं. इथे न्यू साउथ वेल्समध्ये आधी एल, मग १२ महिने लाल पी, मग २४ महिने हिरवा पी. तुमच्या मुलाच्या वयाला हे सगळं लागू आहे. माझ्याकडे कारचा पूर्ण परवाना होता, तरी मोटरसायकलसाठी मीही पहिलं वर्ष लाल पी लावूनच काढलं. म्हणजे पाटीने दोन-तीन उन्हाळे, कितीतरी पावसाळी आठवडे आणि हजारो किलोमीटरची थरथर सोसायची आहे.

आणि इथलं ऊन. ४ जानेवारी २०२० ला पश्चिम सिडनीतल्या पेनरिथला ४८.९ अंश तापमान नोंदलं गेलं. असे दिवस रोज येत नाहीत, पण चाळीसच्या पुढे पारा गेला की गाडीचं काळं प्लॅस्टिक हाताला चटका देतं. त्यावर लावलेली दुहेरी चिकटपट्टी मऊ पडते, कडेने सुटते, सुटलेल्या कडेत धूळ शिरते आणि मग ती परत म्हणून चिकटत नाही. शिवाय मडगार्डचं प्लॅस्टिक बहुतेक गाड्यांवर खरबरीत असतं. तिथे चिकटपट्टी पहिल्या दिवसापासून अर्धीच चिकटलेली असते.

झिप टायचा प्रकार वेगळा आहे. तो चांगला नायलॉनचा असतो, ओढून बघाल तर तुटत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण पांढरा टाय उन्हात ठिसूळ होतो. चार-पाच महिने उन्हात राहिलेला पांढरा टाय दोन बोटांत धरून वाकवा, बिस्किटासारखा मोडतो. काळ्या टायमध्ये काजळी मिसळलेली असल्यामुळे तो ऊन जास्त सोसतो. खरी झीज मात्र भोकापाशी होते. विकत मिळणारी पी प्लेट म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर चौकोनी पातळ प्लॅस्टिक. वाऱ्याने ती फडफडते आणि भोकाची धारदार कड टायला हळूहळू कातरत राहते. ताशी ४५ वरून ९० ला गेलं की हवेचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. गल्लीत दोन महिने टिकलेली जोडणी मोटरवेवर एका दुपारीही दगा देऊ शकते.

मी हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून एवढं लावून धरते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही दोघं-तिघं एम सेव्हन मोटरवेने घरी परतत होतो. माझ्या पुढे एक मित्र होता, त्याची पी प्लेट वरच्या बाजूला दोन पांढऱ्या टायवर लटकलेली. आधी नुसती फडफड दिसली. मग डावा टाय गेला आणि पाटी एका कोपऱ्यावर गरगरायला लागली. मी हॉर्न वाजवत होते, हेल्मेटमधून त्याला ऐकू जात नव्हतं. अंतर वाढवावं म्हणून मी वेग कमी करायला लागले तेवढ्यात ती सुटली आणि सरळ माझ्या हेल्मेटच्या काचेवर आदळली. वजन काहीच नाही तिचं, मला खरचटलंही नाही. पण डोळ्यांसमोर अचानक पांढरं काहीतरी आलं आणि मी दचकले. ९० च्या वेगात सेकंदाला २५ मीटर जातात. तो एक सेकंद मी रस्ता पाहिला नाही. उजव्या बाजूला ट्रक होता. पुढच्या एक्झिटला आम्ही बाहेर पडलो तेव्हा माझे हात इतके थरथरत होते की ग्लोव्ह्ज काढता येईनात. तो मित्र मात्र "कुठे पडली असेल गं?" म्हणून मागे बघत होता. त्याच्या मनात फक्त दंड होता, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण दंडाची गोष्टही साधी नाही.

इथे पी प्लेट न लावल्याबद्दल पैशांचा दंड होतोच, शिवाय दोन डिमेरिट गुण, म्हणजे परवान्यावर चुकीचे गुण, लागतात. लाल पी वाल्याची मर्यादा आहे चार. काका, हिशेब करा: पाटी दोनदा पडली आणि दोन्ही वेळा पोलिसांनी थांबवलं, तर एकदाही वेग न वाढवता, एकही सिग्नल न तोडता मुलाचा परवाना निलंबित होतो. "वाऱ्याने पडली हो" हे खरं असलं तरी पाटी जागेवर ठेवायची जबाबदारी चालवणाऱ्याचीच.

आता काम नेमकं कसं करायचं ते सांगते, म्हणजे पुन्हा घोटाळा नको.

नंबर प्लेट बहुतेक गाड्यांना दोन बोल्टवर बसलेली असते. ते बोल्ट काढायचे. तीन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी घ्यायची, बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानात मीटरच्या हिशेबात मिळते. तिला त्याच दोन बोल्टच्या अंतरावर भोकं पाडायची आणि ती नंबर प्लेटच्या मागे घालून तेच बोल्ट परत लावायचे, फारतर थोडे लांब. पट्टी एका बाजूला किंवा खाली नंबर प्लेटच्या बाहेर येते. त्या बाहेर आलेल्या भागावर पी प्लेट. एवढंच. गाडी विकायची वेळ आली की पट्टी काढली, गाडी होती तशी.

पातळ पी प्लेट मात्र एकटी लावू नये, तिच्या पाठीला आधार हवा. मी स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा कटिंग बोर्ड कापून लावलाय. ऐकायला विचित्र वाटेल, पण तो मऊ प्लॅस्टिकचा असल्यामुळे थरथरीने तडकत नाही, पावसाने फुगत नाही आणि घरच्या करवतीने कापता येतो. ॲक्रिलिक दिसायला छान, पण भोकापासून तडा जातो, माझा पहिला गेला होता. चार कोपऱ्यांना चार बोल्ट, पुढे-मागे मोठे वायसर आणि आत नायलॉनची कडी असलेले नट. साधा नट सिंगल सिलिंडर गाडीच्या थरथरीने आठवड्यात सैल होतो, नायलॉनचा नट धरून ठेवतो. आवळताना जोर लावायचा नाही. वायसर बोटाने फिरेनासा झाला की आणखी पाव फेरा, बस. त्याहून जास्त आवळलं तर प्लॅस्टिक चेपतं आणि तिथूनच फाटतं. पट्टीच्या भोकांना आणि कडांना कानस मारून धार घालवायची, हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण टाळतो.

जागा निवडताना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासते. पाटीची खालची कड मूळ मडगार्डच्या खालच्या कडेच्या खाली जाता कामा नये. खड्ड्यात मागचा शॉक दबला की टायर वर येतो. गाडी स्टँडवर असताना टायर आणि पाटीत वीतभर जागा दिसते आणि माणूस फसतो. मडगार्डच्या कडेचा हिशेब कंपनीने टायर पूर्ण वर येईल असं धरून केलेला असतो, आपण त्याच्या आत राहिलं की टायर पाटीला लागत नाही. सायलेन्सरच्या तोंडासमोर पाटी आली तर वितळते, तेवढंही बघायचं. मागचा लाल रिफ्लेक्टर, इंडिकेटर आणि नंबर प्लेटवरचा दिवा झाकायचा नाही. नंबर प्लेट २० मीटरवरून वाचता आली पाहिजे असा नियम आहे. पी वाचवताना नंबर झाकला तर दुसरा दंड.

झिप टायशी माझं वैर नाही हेही सांगते. परीक्षा पास होऊन गाडी त्याच दिवशी घरी न्यायची असेल तर काळे, रुंद, चार टाय, मागे आधार, आणि पुढच्या रविवारी बोल्ट. माझ्या सीटखाली आजही सहा काळे टाय आणि एक जादा पाटी असते.

राहिली तुमची शेवटची गोष्ट, आणि मला वाटतं तीच तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतेय. पी बघून लोक मागे चिकटून चालवतात, हॉर्न मारतात. खोटं नाही. माझ्याही मागे लोक चिकटलेत, आणि अशा वेळी ती पाटी उपटून फेकावी असं वाटतं. पण लाल पी वाल्याला ९० च्या वर जायची परवानगी नाही. एम वन मोटरवेवर ११० ची मर्यादा असलेले लांबच लांब पट्टे आहेत. तिथे तुमचा मुलगा डाव्या लेनमध्ये ९० ने जात असणार, आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तो का हळू जातोय हे सांगणारी एकच गोष्ट आहे, ती पाटी. ती दिसली की शहाणा माणूस लांबूनच लेन बदलतो. नाही दिसली तर जवळ येऊन मग चिडतो. चिकटणारे चार जण आपल्या लक्षात राहतात, लांबून बाजूला गेलेले चाळीस आपल्याला आरशात कळतही नाहीत.

पाटी नसली की आणखी एक मोह होतो. १ जुलै २०१४ पासून इथे थांबलेल्या किंवा रांगत्या गाड्यांमधून मोटरसायकल हळूच पुढे काढायची मुभा आहे, पण ती पूर्ण परवानावाल्यांना, ३० च्या आतल्या वेगात. एल आणि पी वाल्यांना नाही. पॅरामाटा रोडला सगळे मधून निघतात आणि आपण उन्हात उभे, हे अवघड जातं. पाटी पाठीशी असली की पोरं थांबतात. नसली की एकदा जातात, मग रोज जातात. नव्या माणसाला दोन गाड्यांमधलं अंतर आणि अचानक उघडणारं दार अजून कळत नसतं, म्हणून तो नियम आहे. तुमच्या मुलाने पाटी ठळक लावायचा हट्ट धरला, याचा मला आनंद झाला.

आता त्या दोन भोकांचं. मडगार्ड बदलायचा खर्च करू नका. भोकं गोल असतील आणि कडेपासून बोटभर आत असतील तर काही धोका नाही. रबरी बूच मिळतात, सहा किंवा आठ मिलिमीटरची, दाबून बसवली की पाणी-चिखल आत जात नाही. काळ्या मडगार्डवर ती दिसणारही नाहीत. फक्त भोकाच्या कडेला केसासारखा तडा गेलाय का, ते उजेडात बघायला सांगा. तडा असेल तर त्याच्या टोकाला बारीक गोल भोक पाडलं की तो सहसा तिथेच थांबतो. तडा कडेपर्यंत पोचला असेल तर मात्र मला आधी फोटो पाठवायला सांगा, तोवर गाडी मोटरवेवर नको.

माझ्याकडे पट्टीचा चाळीस सेंटिमीटरचा तुकडा उरलाय आणि कटिंग बोर्डचा अर्धा भागही आहे. त्याला या रविवारी पाठवा. पत्ता मी त्याला मेसेजवर देते. दहा नंबरचा पान्हा आणि ड्रिल माझं आहे, त्याने फक्त पाटी आणि गाडी आणावी. तासाभराचं काम आहे, जेवूनच जाईल. झाल्यावर पाटीला धरून गाडी हलवून दाखवणारा व्हिडिओ तुम्हाला त्याच्याच फोनवरून पाठवते.