मैफलीहून परतल्यावर घ्यावयाची काळजी

डिसेंबरच्या मध्यास पुण्यात थंडी पडते, सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो आणि तो संपला की संक्रांतीपर्यंत त्याविषयी बोलले जाते. या तिन्हींपैकी महोत्सवाचा भाग त्यातल्या त्यात सोपा. तिकीट काढावे, जागा धरावी आणि कान उघडे ठेवून बसावे, एवढे कोणासही जमण्याजोगे आहे. माणसाची खरी परीक्षा होते ती नंतर, कार्यालयात, सोसायटीच्या बाकावर किंवा एखाद्या लग्नाच्या पंगतीत, ‘काय, या वर्षी गेला होतात का सवाईला?’ असा प्रश्न आला म्हणजे. उत्तम गाणे ऐकून आलेली कित्येक भली माणसे या प्रश्नाला ‘हो, छान झालं’ एवढेच उत्तर देतात आणि पाच दिवसांची पुण्याई एका वाक्यात घालवून बसतात. आपल्यावर ही वेळ येऊ नये म्हणून काही अनुभवसिद्ध सूचना पुढे देत आहे. त्या नीट पाळल्यास आपण काय ऐकले याची विचारपूस कोणीही करणार नाही, याची हमी मी घेतो.

पहिली गोष्ट म्हणजे गाण्यापासून सुरुवात करू नये. कोण काय गायले हे वर्तमानपत्रातही छापून येते; आपण कोठे बसला होतात हे मात्र कोणीच छापत नाही, तेव्हा ती उणीव आपणच भरून काढली पाहिजे. भारतीय बैठकीवर बसला असाल तर निम्मे काम झाले, कारण मांडी घालून सहा-सहा तास सोसलेल्या कळा हा रसिकतेचा सर्वमान्य पुरावा आहे, आणि गुडघ्याचे वर्णन करता करता त्यात एखादा राग सहज ओवता येतो. खुर्चीवर बसला असाल तर डॉक्टरांना पुढे करावे. सोफ्यावर बसला असाल तर ‘एकांनी फार आग्रहाने पास पाठवला होता’ एवढे म्हणून थांबावे. ते ‘एक’ कोण हे ऐकणारा आपल्या मनाने ठरवतो आणि तो नेहमी मोठ्याच माणसाचे नाव ठरवतो. पास मेहुण्याच्या बँकेतून आला होता, हा तपशील रसभंग करणारा आहे.

यानंतर वर्षांकडे वळावे. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मृतीसाठी आर्य संगीत प्रसारक मंडळाचा हा उत्सव सुरू झाला. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी तो पुढे अनेक दशके आपल्या खांद्यावर वाहिला. बराच काळ तेथे गाणे रात्र-रात्र चाले. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई झाली, आणि वर्षातील मोजक्या दिवशी मिळणारी बारापर्यंतची सवलत सोडली तर दहाच्या ठोक्याला तंबोरे गवसणीत जाऊ लागले. दरबारी, मालकंस, अडाणा या रात्रीच्या मंडळींनी मग जावे कोठे, आणि दुपारच्या सारंगांना एकाएकी एवढे दिवस कसे आले, हा संगीतशास्त्राचा प्रश्न झाला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, त्या जुन्या रात्री आता कोणालाही तपासता येत नाहीत. ती सात-बारा नसलेली मोकळी जमीन आहे. कुंपण घालील त्याची.

तेथे आपण असलाच पाहिजेत. रमणबागेचे पटांगण, अंगावर घोंगडी, थर्मासच्या तळाशी उरलेला कोमट चहा, पहाटे सुरू झालेला ललित आणि नेमके त्याच वेळी उजळू लागलेले शनिवार पेठेचे आकाश, एवढे साहित्य पुरते. आपला जन्म १९९५ नंतरचा असल्यास आईच्या शालीत गुंडाळून आणले होते असे सांगावे. तान्ह्या मुलाच्या कानावर पडलेले गाणे रक्तात उतरते, याविषयी पुण्यात कोणी शंका घेत नाही. त्या रात्री रमणबागेत असल्याचे सांगणाऱ्या सर्वांना एकदम बसवायचे म्हटले तर सतरंज्या थेट स्वारगेटपर्यंत अंथराव्या लागतील, पण ती चिंता आयोजकांची. मी स्वतः अशा एका पहाटेचे वर्णन इतक्या वेळा केले आहे की, आता मला त्या घोंगडीचा वाससुद्धा आठवतो. घोंगडी आमच्या घरी कधीच नव्हती.

महोत्सव आता मुकुंदनगरला भरतो आणि तेथील जागा ऐसपैस आहे, हे मान्य करू नये. ‘पण रमणबागेची मजा नाही’ हे वाक्य प्रत्येक दिवशी निदान एकदा, आणि शक्यतो ऐसपैस पाय पसरून, म्हणावे.

थोडी सावधगिरी तारखांबाबत मात्र बाळगावी लागते, कारण जुन्या कार्यक्रमपत्रिका वर्षानुसार लावून ठेवणारा एक तरी काका प्रत्येक आळीत असतो. कुमार गंधर्व आणि मल्लिकार्जुन मन्सूर हे दोघेही १९९२ साली गेले. त्यामुळे ‘चौऱ्याण्णवच्या सवाईत कुमारांनी...’ असे सुरू झालेले वाक्य ठसका लागल्याचे निमित्त करून तेथेच सोडून द्यावे. २००९ च्या डिसेंबरातील आठवण सांगू नये, कारण स्वाइन फ्लूच्या साथीमुळे तो महोत्सव पुढे ढकलून २०१० च्या जानेवारीत झाला. २०२० च्या डिसेंबरात तर करोनामुळे तो झालाच नाही. भीमसेनजी २४ जानेवारी २०११ रोजी गेले. त्यानंतरच्या एखाद्या वर्षी आपण त्यांच्या अभंगाने रडला असाल तर तो ध्वनिमुद्रिकेचा परिणाम होता, असे मोकळेपणाने सांगून टाकलेले बरे. महोत्सवाच्या नावात त्यांचे नाव आले तेही त्यानंतरच. तसेही जाणत्याने नेहमी नुसते ‘सवाई’ म्हणावे. पूर्ण नाव घेणारा नवखा असतो. या लेखाच्या पहिल्या वाक्यात मी ते घेतले आहे ते केवळ बाहेरगावच्या वाचकांच्या सोयीसाठी.

इतके ऐकूनही एखादा हट्टी माणूस ‘पण गाणं कसं झालं?’ असे विचारतोच. अशा वेळी निदान राग ओळखल्याचे सांगणे भाग पडते. रागाचे नाव गाण्याच्या आधी सांगितले जाते ही अडचण खरी आहे. ती टाळण्यासाठी आपण त्या वेळी भजी आणायला गेलो होतो आणि परत येताना मांडवाच्या दारातच, हातात द्रोण असताना, पहिल्या दोन स्वरांवर राग ओळखला, असे सांगावे. (भजी हवीतच. उपाशीपोटी ओळखलेल्या रागाला वजन येत नाही.) मग भेदांकडे यावे. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचे स्वर तेच: रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. मारव्यात जोर रिषभ-धैवतावर, पूरियात गंधार-निषादावर आणि रमणे मंद्र सप्तकात, तर सोहनीचा जीव वरच्या षड्जापाशी. एवढा एक भेद सांभाळण्यासाठी गवई जन्म घालवतो; आपल्याला तो फक्त विस्कटायचा आहे. मारवा झाला असेल तर ‘मला मधूनमधून पूरिया दिसत होता’ असे म्हणावे, आणि पूरिया झाला असेल तर मारवा दिसावा. हे दिसणे स्तुतीचे की दूषणाचे, हे स्पष्ट करू नये. ऐकणाऱ्याला यातले कळत असेल तर तो विचारात पडतो, आणि कळत नसेल तर आपल्याला हात जोडतो. रागही आठवत नसेल तर ‘तंबोरे मात्र सुरेख लागले होते’ हे वाक्य हाताशी असावे. ते सर्व गायकांना लागू पडते आणि त्यातील ‘मात्र’ हा शब्द गायकाचा परस्पर निकाल लावतो.

दाद कशी दिली हेही सांगावे. अतिविलंबित एकताल बारा मात्रांचा खरा, पण त्याचे एक आवर्तन पुरे व्हायला मिनिटभर लागते, आणि तेवढ्या अवधीत मांडीवर ताल धरणारी निम्मी माणसे दोनदा समेवर येऊन गेलेली असतात. आपण मात्र अचूक समेवर ‘क्या बात है’ म्हणालो आणि त्यावर गायकाने वळून पाहिले, असे सांगण्याचा प्रघात आहे. गायक डोळे मिटून गात होता, ही बाब क्षुल्लक समजावी. याहून मोठा मान हवा असेल तर रागे भरून घेतल्याची आठवण सांगावी. किशोरीताई आमोणकर श्रोत्यांतील चुळबुळ खपवून घेत नसत, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी ज्या ओळीकडे रोखून पाहिले त्याच ओळीत आपण होतो, असे सांगणारी माणसे मला आजवर अनेक भेटली. बोलत होता तो प्रत्येकाच्या शेजारचा.

घरातील तरुण मंडळींसमोर जरा बेताने घ्यावे. ती जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या कार्यक्रमासाठी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जाऊन आली आहे आणि तिच्या फोनमध्ये पुरावा आहे. पुरावा हीच तिची दुबळी बाजू, हे ध्यानात ठेवावे. चित्रफितीत असेल तेवढेच सांगता येते; आणि चित्रफितीत पुढच्या माणसाने उंच धरलेला फोन, मनगटांवर लुकलुकणाऱ्या हजारो पट्ट्या आणि गायकाच्या आवाजावर चढलेला स्वतःचाच आवाज, याखेरीज फारसे काही नसते. माझ्या भाच्याला मी ‘गाणं कसं होतं?’ असे विचारले तेव्हा त्याने आधी तिकिटासाठी फोनवर किती तास रांग लावली ते सांगितले, मग उभे राहण्याची जागा मंचापासून किती जवळ होती ते सांगितले, आणि शेवटी परतताना स्टेशनपर्यंत किती चालावे लागले ते सांगितले. मला भरून आले. संस्कार अगदीच वाया गेलेले नाहीत.

दोन मुरलेले रसिक समोरासमोर आले म्हणजे मात्र वरील शस्त्रे बोथट ठरतात. तेथे एकच नियम चालतो: सर्वांत उत्तम गाणे ते, जे समोरच्याचे चुकले. ‘शुक्रवारी होतात?’ असे सहज विचारावे. ‘नाही हो, मुलीकडे जावं लागलं,’ असे उत्तर आले की ‘अरेरे’ म्हणावे आणि पुढे अवाक्षर काढू नये. हा ‘अरेरे’ खर्जात, हळुवार मींड घेऊन उच्चारायचा असतो आणि तो नीट लागला तर समोरच्या माणसाला त्या रात्री झोप येत नाही. त्याने ‘होतो ना, पहिल्यापासून होतो’ असे म्हटल्यास न डगमगता शनिवारचे विचारावे. पाचही दिवस पूर्ण ऐकलेला माणूस भेटणे दुर्मीळ, पण भेटलाच तर त्याला २००० च्या आधीच्या रात्रींकडे न्यावे, कारण तेथे त्याच्या सीझन तिकिटाचा उपयोग नाही.

राहता राहिली सांगता. महोत्सवाच्या अखेरीस सवाई गंधर्वांची भैरवीची ध्वनिमुद्रिका लावतात आणि तोवर मांडवात टिकलेली माणसे स्तब्ध बसून ती ऐकतात. ही ध्वनिमुद्रिका दर वर्षी तीच असल्यामुळे ती न ऐकताही तिचे यथातथ्य वर्णन करता येते. म्हणून गर्दी फुटण्यापूर्वी गाडी काढण्यासाठी हीच वेळ साधावी, असे माझे मत आहे. गेल्या खेपेस मी गाडी मागे घेत होतो तेव्हा भिंतीपलीकडून तो जुना, बारीक झालेला सूर येत होता, आणि त्यावर मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दाबून धरला होता. घरी पोचल्यावर सौभाग्यवतींनी दार उघडत भैरवी कशी झाली ते विचारले. मी क्षणभर डोळे मिटले आणि तंबोरे मात्र सुरेख लागले होते, असे सांगितले.