नुसता हात लावायचा खेळ

'त्यात काय, नुसता हात तर लावायचा असतो!' टच रग्बीविषयीचा हा शेरा ऑकलंडमध्ये राहू लागल्यापासून मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो मारणाऱ्यांमध्ये आपली मराठी मंडळीही असतात याचे मला नवल वाटते. ज्यांचे बालपण शिवाशिवी आणि आट्यापाट्या खेळण्यात गेले, त्यांनी तरी हात लावण्याला कमी लेखू नये. पुरुषांच्या संघांबाबत हा शेरा अधिकच तुच्छतेने मारला जातो. बायका आणि मुले टच खेळली तर ठीक, पण धडधाकट पुरुषाने अंगावर जाऊन माणूस आडवा करावा, असा त्यामागचा सूर असतो. प्रशांत महासागरातल्या देशांच्या पॅसिफिक गेम्स या क्रीडास्पर्धेत फिजी, सामोआ, पापुआ न्यू गिनी, कूक आयलंड्स अशा बेटांवरच्या देशांचे पुरुष संघ जो टच खेळतात, तो पाहून माझे मत याच्या अगदी उलट झाले आहे आणि ते आज सविस्तर मांडावेसे वाटते.

आधी खेळ समजून घेऊ. 1968 च्या सुमारास सिडनीच्या दक्षिण भागात रग्बी लीगच्या खेळाडूंनी सरावाच्या एका प्रकाराला स्वतंत्र खेळाचे रूप दिले, ही याची सुरुवात. मैदान 70 मीटर लांब आणि 50 मीटर रुंद असते. संघात 14 जण असले तरी एका वेळी मैदानात सहाच उतरतात, आणि बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू शकतात. चेंडू पायाने मारायचा नाही आणि कोणाला पाडायचेही नाही. चेंडू असलेल्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्याचा हात लागला की त्याने जिथे स्पर्श झाला तिथेच थांबायचे, चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि त्यावरून पाऊल टाकून पुढे जायचे. याला रोलबॉल म्हणतात. मागे उभा असलेला त्याचा जोडीदार, म्हणजे हाफ, तो चेंडू उचलून पुढे खेळवतो, आणि त्याआधी बचाव करणाऱ्या संघाला 7 मीटर मागे हटावे लागते. असे सहा स्पर्श झाले की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. हाफला स्वतः गुण मिळवता येत नाही, आणि चेंडू हातात असताना त्याला कोणी शिवले तर चेंडू तिथेच गमवावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की टचडाउन होतो, आणि त्याला एकच गुण मिळतो.

नियम वाचायला सोपे वाटतात. खरी मेख त्या 7 मीटरमध्ये आहे. मधल्या जागी खेळणाऱ्या मिडलने समोरच्याला शिवले की त्याला लगेच पाठमोरे धावत 7 मीटर गाठायचे असतात, आणि तिथे पोहोचतो न पोहोचतो तोच पुढचा हल्ला अंगावर आलेला असतो. दीडदोन मिनिटांतच त्याची छाती भात्यासारखी चालू लागते आणि तो हात वर करून बदली मागतो. इथे धिप्पाड शरीराचा काही उपयोग नाही, उलट ते ओझेच ठरते. कामी येते ते कोणत्या क्षणी कोणत्या दोन बचावपटूंच्या मध्ये फट पडणार हे अर्धा सेकंद आधी ओळखणे, आणि चेंडू मिडलच्या शेजारच्या लिंककडून कडेला खेळणाऱ्या विंगकडे नेमक्या त्या क्षणी पोहोचवणे.

मला विशेष भावतो तो यातला प्रामाणिकपणाचा नियम. हात न लागताच 'टच' म्हणून ओरडणे हा गुन्हा आहे, आणि हात लागल्यावर चेंडू जोडीदाराकडे देणे हाही गुन्हा आहे. दोन्हींना पेनल्टी आहे. साहजिकच पंचाचे लक्ष नसले तरी खेळाडू बहुधा स्वतःहून थांबतो. आपल्या कबड्डीत रेडरला हात लागला की नाही यावरून होणारे कडाक्याचे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे नवलाचे वाटेल. सरळ सांगायचे तर मलाही पहिल्या हंगामात ते जमले नव्हते, कारण शर्टाला झालेला ओझरता स्पर्श 'लागलाच नाही' म्हणून सोडून देण्याची माझी सवय मोडायला वेळ लागला.

आता माझा मूळ मुद्दा. पॅसिफिकमधल्या पुरुष खेळाडूकडे जग बहुतेक वेळा एक शरीर म्हणून पाहते. किती किलो वजन, किती जोरात धडक, कोणत्या क्लबला किती उपयोग, हेच त्याचे मोजमाप. सामोआ, टोंगा आणि फिजीची मुले कोवळ्या वयात न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सच्या क्लबांकडे जातात, बेटावरच्या घरी पैसे पाठवतात, आणि धडका खाऊन झिजलेले गुडघे व दुखावलेले डोके घेऊन परततात. मेंदूला झालेल्या इजांबद्दल निवृत्त रग्बीपटू आता आपल्याच संघटनांविरुद्ध न्यायालयात गेले आहेत, तेव्हा ही चिंता केवळ माझी नाही. रग्बीने या देशांना काही दिले नाही असे मात्र कोणी समजू नये. फिजीने 2016 मध्ये रिओत सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीच्या, अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनला 43-7 असे हरवून आपले पहिले ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण, मिळवले आणि त्या आनंदात चक्क 7 डॉलरची नोट काढली. पण सेव्हन्समध्येही खेळाडू हेरणारा क्लबांचा दलाल मैदानाच्या कडेला टपलेला असतो. टच खेळून पोट भरणारा मात्र जवळपास कुठेच नाही, आणि म्हणूनच पॅसिफिक गेम्समधला टचचा खेळाडू विक्रीसाठी मांडलेला नसतो. तो शिक्षक असतो, बंदरावरचा कामगार असतो, पोलीस असतो. त्याच्या अंगात खेळाची जी अक्कल आहे ती इथे उघडपणे दिसते, कारण दाखवायला दुसरे काही नसते.

लहान देशांसाठी याचा आणखी एक अर्थ आहे. पापुआ न्यू गिनीची लोकसंख्या कोटीच्या घरात आहे, तर कूक आयलंड्सवर जेमतेम 15 हजार माणसे राहतात. पंधरा जणांचा रग्बी संघ आणि त्याचे राखीव खेळाडू उभे करणे अशा देशाला किती जड जात असेल याची कल्पना करावी. टचला चौदा जण पुरतात. साहित्य म्हणजे एक चेंडू आणि आखलेली जमीन, आणि तीही नसेल तर ओहोटीनंतरची वाळू. 2019 च्या पॅसिफिक गेम्सचे यजमानपद खर्चाच्या भीतीने टोंगाने सोडले आणि ते सामोआकडे गेले. ज्या प्रदेशात स्पर्धा भरवणेच परवडत नाही, तिथे स्वस्त खेळाला दुय्यम मानणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही. लहान बेटांच्या संघांत न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात वाढलेल्या मुलांचा भरणा असतो, मग तो संघ त्या बेटाचा कसा? कूक आयलंड्स आणि निउए या चिमुकल्या बेटाचे लोक जन्मानेच न्यूझीलंडचे नागरिक असतात. न्यूझीलंडमध्ये निउएचे 30 हजारांहून अधिक लोक आहेत आणि खुद्द बेटावर दोन हजारसुद्धा नाहीत. अशा देशाने आपला संघ ऑकलंडमध्ये शोधला तर त्याने दुसरे करावे तरी काय? मुंबईच्या चाकरमान्याने गणपतीत गावच्या संघातून खेळायचे नाही, असे कोकणात कोणी म्हणेल काय? माझी तक्रार वेगळी आहे. ऑकलंडचे खेळाडू थेट स्पर्धेच्या गावी उतरतात आणि तिथूनच परत जातात. स्पर्धेपूर्वीचे दोन-तीन आठवडे सरावासाठी ते बेटावर गेले, तर तिथल्या पोरांना 7 मीटर मागे कसे पळायचे हे जवळून पाहायला मिळेल. विमानाचे भाडे महाग आहे हे मला माहीत आहे. तरीही संघाच्या नव्या कपड्यांवर आणि निरोपाच्या जेवणावर होणारा खर्च मी एका सामोअन सहकाऱ्याच्या घरी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्यातून निदान चार तिकिटे सहज निघाली असती.