खरखर काढली की पियानोपण जातो

लेखात म्हटलंय की जुन्या बूगी-वूगीचं (म्हणजे पियानोवरच्या जोमदार ब्लूजचं) रीइश्यू, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगची नव्याने काढलेली आवृत्ती, घेताना तबकडीची खरखर पूर्ण काढलेलंच घ्यावं, ते मला अजिबात पटलं नाही. पियानोवादक मीड लक्स लुईसचं १९२७ चं 'होंकी टोंक ट्रेन ब्लूज' घ्या, ते पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्ड झालेलं, आणि पॅरामाउंट म्हणजे विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीचा जोडधंदा, तबकड्यांचा माल एकदम स्वस्तातला, त्यामुळे नवी कोरी तबकडीसुद्धा खरखरायची. तबकड्या छापायचे धातूचे मूळ साचे बहुतेक सगळे भंगारात गेले, म्हणून आज जे काही रीइश्यू येतं ते कुणाकडे तरी उरलेल्या, झिजलेल्या तबकडीवरूनच. आता गोची अशी की उजव्या हाताच्या वरच्या पट्टीतल्या सुरांची धार आणि ही खरखर आवाजाच्या साधारण एकाच, उंच पट्ट्यात असते, खरखर काढणारा फिल्टर जोरात लावला की दोन्ही जातात. मी हेडफोन लावून दोन्ही व्हर्जन ऐकलीत, साफ केलेल्यात डावा हात ठीक येतो पण उजव्या हाताचा तो कडक ठोका पार मऊ पडतो, पियानो उशीखाली ठेवल्यासारखा.

आणि बूगी-वूगीचाच दुसरा पियानोवादक जिमी यान्सी, त्याला तर हे फारच मारक आहे हो, तो मुळातच हळुवार वाजवणारा, शिकागोच्या बेसबॉल मैदानाची देखभाल करून पोट भरणारा माणूस, १९३९ पर्यंत त्याचं रेकॉर्डिंगच झालं नव्हतं. त्याच्या दोन सुरांमधली शांतता फिल्टरने मारून टाकली तर ऐकायचं काय? नवख्यांनी थोडी खरखर असलेलंच घ्यावं, पाचेक मिनिटांत कान सरावतो.