बालविभागाची किल्ली आणि पम्याचा दंड

सोमवारी संध्याकाळी कट्ट्यावर पोचलो तेव्हा विषय आधीच पेटलेला. वाचनालयातला बालविभाग जाणार आणि तिथे एसी अभ्यासिका होणार, हे एव्हाना अख्ख्या पेठेला ठाऊक झालंय. ठराव मांडणारे नाना कट्ट्यावर मधोमध मांडी घालून बसलेले, आणि समोर ताई उभ्या. जागा रिकामी असूनही ताई बसल्या नव्हत्या, तेव्हाच ओळखलं की आज नानांचं काही खरं नाही.

"मुलं येतच नाहीत हो!" नानांचा आवाज चौकापर्यंत जात होता. "पाच कपाटं नुसती धूळ खातायत. सगळा मोबाईलचा प्रताप. आमच्या वेळी आम्ही कंदिलाखाली वाचलंय, कंदिलाखाली!"

"नाना, तुमच्या जन्माआधीच गावात वीज आली होती," पम्या म्हणाला.

"तू गप रे. तुझ्या बापाने गणपतीच्या वर्गणीचा हिशोब अजून दिलेला नाही."

हा हिशोब दर चर्चेत एकदा निघतोच. तो निघून गेल्यावर ताईंनी शांतपणे विचारलं, "नाना, बालविभागाच्या कपाटांची किल्ली कुठे असते?"

"ऑफिसात."

"ऑफिस किती वाजता बंद होतं?"

"साडेपाच."

"आणि शाळा किती वाजता सुटते?"

नानांनी चहाचा एक लांब घोट घेतला. कप मघाशीच रिकामा झाला होता.

ताई अठरा वर्षं शाळेच्या ग्रंथालयात आहेत. माझी मुलगी त्यांच्या हाताखालून गेलीय, त्यामुळे हे ऐकीव नाही, मी पाहिलेलं आहे. शनिवारच्या तासाला त्या एखादं पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला लागत. दहा-बारा पानं व्हायची, पोरगा विहिरीत उतरायचा, दोर सुटायचा, आणि ताई पुस्तक मिटून टेबलावर ठेवून द्यायच्या. पुढचं सांगायच्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्या एका पुस्तकासाठी फळ्यावर नंबर लागायचे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, वाचून झाल्यावर त्यांनी कधी कुणाला सारांश लिहायला लावला नाही. "बोध काय घेतलास?" हा प्रश्न त्यांच्या खोलीत कुणी विचारलेला मी ऐकला नाही. माझी मुलगी एक पुस्तक तीस पानांवर सोडून परत द्यायला गेली, तर ताई म्हणाल्या, "नाही आवडलं ना? बरं झालं सांगितलंस. आता हे बघ." त्या दिवसापासून ती मोकळेपणाने पुस्तकं बदलायला लागली.

"अहो पण मुलांच्या हातात दिली की फाटतात पुस्तकं," नाना पुन्हा सावरून बसले. "समिती आम्हाला विचारते. दाखल नोंदवहीत नंबर असतो प्रत्येकाचा."

"फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक," ताई म्हणाल्या. "तुमच्या कपाटात कोरी आहेत, ती कुणासाठी जपताय? भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांनी 1931 साली लिहून ठेवलं, पुस्तकं वापरासाठी असतात. त्यांच्या पाच सूत्रांतलं हे पहिलं. दर 12 ऑगस्टला त्यांच्या फोटोला हार घालता ना?"

"घालतो. स्वतः घालतो."

"मग हारासोबत एकदा कपाटही उघडा. वाचकाने स्वतः मांडणीपाशी जाऊन पुस्तक हातात घ्यावं, चाळावं, यासाठी भांडला तो माणूस. आपल्याकडे अजून चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि खिडकीतून पुस्तक घ्यायचं. नवव्या वर्षी कुठल्या मुलाला लेखकाचं नाव माहीत असतं? त्याला चित्र दिसलं पाहिजे."

मास्तर इतका वेळ पेपरात होते. ते म्हणाले, "सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बडोद्यात आणला. खेडोपाडी लाकडी पेट्यांतून पुस्तकं धाडली. वाचक आले नाहीत तर पुस्तकांनी जायचं."

"संस्थान होतं हो ते! आमच्याकडे काय आहे?" नाना उसळले, आणि इथे ते खरं बोलले हे मी नोंदवतो. 1967 चा ग्रंथालय कायदा आहे, अनुदानासाठी वाचनालयांचे अ-ब-क-ड वर्ग आहेत, पण अनुदानातला निम्मा भाग पगारात जातो आणि तरीही तो पगार सांगायची लाज वाटावी असा. छोट्या वाचनालयाचा ग्रंथपाल सकाळी दुसरीकडे काम करून संध्याकाळी खुर्चीवर येतो. त्याने मुलांना गोष्टी सांगाव्यात, ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करतो? अभ्यासिकेच्या खुर्चीला महिन्याचे रोख पैसे मिळतात, बालविभागातून वर्गणीच्या चार दमड्या. ताईंनीही मान हलवली. "हे मान्य. पण मग अनुदानासाठी भांडा. मुलांची खोली कशाला विकता?"

अभ्या कोपऱ्यात उभा होता. एमपीएससीचा तिसरा प्रयत्न, सकाळी सात ते रात्री दहा त्याच वाचनालयाच्या अभ्यासिकेत.

"मी बोलू का?" तो म्हणाला. "आठ महिने बसतोय तिथे. कादंबऱ्यांची कपाटं माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर आहेत. आम्ही चाळीस जण. डबा खाताना सगळे रील्स बघतो. एकदाही कुणी येऊन म्हणालं नाही की, अरे, कंटाळलास ना, हे दहा पानं वाचून बघ. तरुण वाचत नाहीत म्हणून नाना भाषण करतात, ते ऐकू येतं भिंतीपलीकडून."

"पन्नास मिनिटं केलं होतं या वेळी," पम्याने माहिती दिली. 15 ऑक्टोबरची गोष्ट. वाचन प्रेरणा दिन, कलामांचा वाढदिवस. पोरं उन्हात उभी, नाना माईकवर, विषय 'वाचाल तर वाचाल'. नाना तीनदा "शेवटचा मुद्दा" म्हणाले होते.

"टाळ्या पडल्या होत्या," नाना म्हणाले.

"संपलं म्हणून."

नाना दुखावले. मग त्यांनी हुकमाचा पत्ता काढला. भिलारची सहल. पाचगणीजवळचं पुस्तकांचं गाव. नाना स्वतः दोन बसभर मुलं घेऊन गेले होते. "तिथे तर मुलं उठायला तयार नव्हती! वाचनालयच ना ते?"

"का तयार नव्हती, ते सांगा की," ताई अखेर बसल्या, नानांच्या शेजारीच. "लोकांच्या घरात, ओसरीवर पुस्तकं उघडी मांडलेली. कुणी कार्ड मागितलं नाही, अनामत मागितली नाही, शू म्हटलं नाही. पालथी पडून वाचत होती पोरं. नाना, तुम्हीच फोटो दाखवलात मला. तुम्हीसुद्धा त्यात मागे बाजेवर बसून काहीतरी वाचताय. चष्मा डोक्यावर सरकलाय आणि तुम्हाला पत्ता नाही."

नाना जरा लाजले. मला तेव्हा ते फार आवडले.

"आणि तो दंड आधी बंद करा," ताई म्हणाल्या. "शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने 2019 मध्ये उशिराचा दंड रद्द केला, तर वर्षानुवर्षं घरात अडकलेली पुस्तकं परत यायला लागली. दंडाने पुस्तक येत नाही, माणूस यायचा थांबतो."

कट्टा एकदम शांत झाला, कारण पम्या शांत झाला होता. पम्या गप्प बसणं ही आमच्याकडे बातमी असते.

"काय रे?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्याकडे एक आहे," पम्या म्हणाला. "सातवीतलं. 1999 सालचं. कव्हरवर सायकलवाला पोरगा आहे. पावसात भिजलं, मग घाबरलो. दहा पैसे रोज दंड होता. आधी दोन रुपये झाले, मग पाच झाले, मग मी त्या गल्लीतूनच जाणं सोडलं. परत पायरी चढलो नाही."

"म्हणजे तूच!" नानांनी खिशातून मोबाईल काढला. "पडताळणीत दरवर्षी एक कमी येतंय. 26 वर्षं... नऊशे एकोणपन्नास रुपये."

"लीप वर्षं सात," मास्तर पेपराआडून म्हणाले.

"नऊशे एकोणपन्नास रुपये सत्तर पैसे!"

"पुस्तकाची किंमत बारा रुपये आहे, नाना."

हसून हसून अभ्याला ठसका लागला. नानाही हसत होते. पम्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "घेऊन ये उद्या. माफ केला सगळा. माझ्या अधिकारात."

"उद्या नाही जमणार."

"का?"

"पोरगी वाचतेय. निम्मं झालंय तिचं. काढून घेतलं तर जेवायची नाही."

"मग रिन्यू तरी करून जा, लेका!" नाना ओरडले.

ताईंनी ठरावाचं पुन्हा विचारलं, तेव्हा कुणाला ऐकूच गेलं नाही. टपरीवाला पैसे मागायला आला, तर नाना त्याला सांगत होते, "याच्या खात्यावर लिही, दहा पैसे रोज."