खुब्याच्या फ्रॅक्चरची रजिस्ट्री म्हणजे कागदी घोडे?

‘म्हातारपणी खुबा मोडला की माणूस वयामुळेच जातो, इंग्लंडमध्ये अशा प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय रजिस्ट्रीत नोंद करतात, ते निव्वळ कागदी घोडे आहेत, तेवढा वेळ डॉक्टरांनी रुग्णाला द्यावा,’ अशा आशयाचा मजकूर बराच फिरतो आहे. त्यातले एकेक विधान तपासून पाहू.

वयाचा मुद्दा आधी. हे रुग्ण बहुधा ऐंशीच्या आसपासचे आणि आधीच दोन-तीन आजार असलेले असतात, हे खरेच आहे. पण सारा दोष वयाचाच असता, तर त्याच वयाच्या रुग्णांमधले मृत्यूचे प्रमाण चार वर्षांत इतके खाली आले नसते. अस्थिरोगतज्ज्ञ आणि वृद्धरोगतज्ज्ञ यांच्या संघटनांनी मिळून ही रजिस्ट्री २००७ साली सुरू केली. इंग्लंडमध्ये तीस दिवसांच्या आत दगावणाऱ्यांचे प्रमाण त्या वर्षी १०.९ टक्के होते, ते २०११ मध्ये ८.५ टक्क्यांवर आले. दाखल झाल्याच्या किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होणाऱ्यांचे प्रमाण ५४.५ वरून ७१.३ टक्के झाले. ‘सुधारणा तशीही होतच होती’ हा आक्षेपही टिकत नाही, कारण रजिस्ट्रीपूर्वीच्या चार वर्षांत मृत्युदर दरसाल आदल्या वर्षाच्या तुलनेत सरासरी १.८ टक्क्यांनी घटत होता आणि नंतरच्या चार वर्षांत ७.६ टक्क्यांनी.

राहिला फॉर्म भरण्यात वाया जाणारा वेळ. फॉर्ममध्ये आहे काय, ते न पाहताच हा आरोप होतो. रुग्ण कॅज्युअल्टीत किती वाजता आला, भूल किती वाजता सुरू झाली, उशीर झाला असेल तर कशामुळे, वृद्धरोगतज्ज्ञाने केव्हा तपासले, दुसऱ्या दिवशी रुग्णाला उठवून बसवले का, पुन्हा पडू नये म्हणून आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी काही केले का, हे त्यात विचारतात. यातला ‘उशीर कशामुळे’ हा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण रुग्णाची प्रकृती बरी नव्हती म्हणून थांबलो आणि थिएटर रिकामे नव्हते म्हणून थांबलो, या दोन गोष्टी तिथे वेगळ्या लिहाव्या लागतात.

‘आधी पेशंट फिट होऊ द्या, मग ऑपरेशन’ हा सल्ला तर आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो. फार उतरलेले हिमोग्लोबिन, बिघडलेले क्षार किंवा हृदयाची अनियंत्रित गती आधी सावरावीच लागते, पण ते काम बहुतेक वेळा काही तासांचे असते. दिवसेंदिवस पडून राहिल्याने न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, भ्रम होतो, आणि वाट ज्याची पाहायची तो फिटपणा हातचा निसटतो.

एका आक्षेपात मात्र दम आहे: सुधारणा नोंदींनी झाली की पैशांनी? एप्रिल २०१० पासून इंग्लंडमध्ये ३६ तासांत शस्त्रक्रिया, ७२ तासांत वृद्धरोगतज्ज्ञाची तपासणी असे निकष पूर्ण केल्यास रुग्णालयाला त्या रुग्णामागे जादा रक्कम मिळू लागली. स्कॉटलंडमध्ये अशी योजना नव्हती, आणि दोन्हींची तुलना करणाऱ्या अभ्यासात या योजनेचा लाभ इंग्लंडमध्ये दिसून आला. म्हणजे नुसते आकडे गोळा करून भागत नाही, हे मान्य. पण ते ३६ तास कॅज्युअल्टीत पाऊल पडल्यापासून भूल सुरू होईपर्यंत मोजायचे असतात, आणि ती दोन्ही घड्याळी वेळा कोणी लिहिल्याच नाहीत, तर जादा रक्कम कोणाला द्यायची आणि कोणाची रोखायची, हे ठरवणार तरी कसे?