सभ्य माणसाने खटका कसा ओढावा

व्हिडिओ गेमच्या साध्या कंट्रोलरवर बंद दाराचा प्रश्न एका बटणात मिटतो. अंगठा हलला, दार उघडलं, आपण पुढच्या संकटात शिरायला मोकळे. निन्टेंडोच्या 'वी' या गेमयंत्रावरच्या, हातात रिमोट धरून खेळायच्या २००७ च्या 'मेट्रॉइड प्राइम ३' या गेममध्ये मात्र काही दारांचे खटके हातानेच चालवायचे: रिमोट पुढे ढकला, मनगट पिळा, मागे ओढा. तेही याच क्रमाने.

यात सभ्य माणसाचे हाल होतात. वी रिमोटमधला अ‍ॅक्सेलरोमीटर हात कुठे आहे ते ओळखत नाही, त्याला फक्त वेग किती झपाट्याने बदलला तेवढं कळतं. हळुवार ओढलेला खटका त्याच्या लेखी ओढलेलाच नसतो. हिसका द्यावाच लागतो, आणि हिसक्याने रिमोट हातातून सुटतो. २००६ च्या डिसेंबरात निन्टेंडोने मनगटाच्या ०.६ मिमी जाडीच्या दोऱ्या बदलून १ मिमीच्या दिल्या, त्या काही हौसेने नव्हे.

टीव्हीवर ठेवायच्या वीच्या 'सेन्सर बार'मध्ये सेन्सरच नसतो, ही तर माझी आवडती गंमत. दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे असतात, बस. बघणारा कॅमेरा रिमोटच्या नाकात. म्हणून बारऐवजी दोन मेणबत्त्या लावल्या तरी भागतं, आणि टीव्हीमागच्या खिडकीतून ऊन आलं की पॉइंटर (रिमोटने हलणारी पडद्यावरची खूण) सैरावैरा धावतो. शत्रू पाठीशी असला की मान वळवायला पॉइंटर पडद्याच्या कडेला न्यायचा. घाईत हात जरा जास्त गेला की कॅमेऱ्याला दिवे दिसेनासे होतात, आणि शत्रूचं काम सोपं होतं.

नंतर कंट्रोलरमध्ये गायरो हा सेन्सर आला. तो फिरण्याचा वेग मोजतो आणि बारीक चुका साठवत जातो. वर-खालची चूक गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने सुधारता येते, डावी-उजवी नाही. म्हणून नेम हळूहळू बाजूला सरकतो आणि नेम पुन्हा मध्यावर आणणारं रीसेंटरचं बटण दाबावं लागतं. कॅलिब्रेट करताना, म्हणजे 'स्थिर' म्हणजे काय ते गायरोला शिकवताना, कंट्रोलर टेबलावर ठेवून हात काढून घ्या. मांडीवर ठेवलात तर तुमचा श्वासही 'स्थिर' म्हणून नोंदला जाईल.

अंगठ्याने ढकलायच्या दांडीने, म्हणजे स्टिकने, खेळणारेही फार शहाणे नव्हेत. बहुतेक स्टिकच्या आतला, ती किती कलली ते मोजणारा पोटेन्शियोमीटर झिजला की नायक आपणहून कड्याकडे चालू लागतो. डेडझोन (मध्याजवळची, जिथली हालचाल गेम मोजत नाही ती जागा) वाढवला की तो थांबतो, पण मग बारीक नेमही थांबतो. शिवाय स्टिक नेमाची जागा नाही, वळण्याचा वेग ठरवते. त्यामुळे नेम लक्ष्य ओलांडून जातो, परत येतो, पुन्हा ओलांडतो. यासाठीच तर गेम गुपचूप एम असिस्ट, म्हणजे नेम धरायला मदत, देतो आणि श्रेय आपण घेतो.

मला विचाराल तर मोठं वळण स्टिकने घ्यावं आणि शेवटचा बोटभर नेम गायरोने धरावा. सेटिंगमध्ये गायरो 'फक्त नेम धरताना' असा ठेवा, कोपर मांडीवर टेकवा. मग भर पळापळीत शिंक आली तरी नजर छताला लागत नाही. नेम धरताना आली, तर मात्र गोळी छतालाच.